फ्रेंच उंची

लीनाने तिसऱ्यांदा तळलेल्या फुग्यांवरचं फडकं उचललं आणि तिसऱ्यांदा परत झाकलं. चर्चमधल्या रविवारच्या मिस्साहून घरी येऊन सव्वा तास झाला होता. डुकराच्या मटणाचं इंदेल दोनदा गरम करून झालं होतं. आणि जेवायच्या टेबलावर ताटांच्या जागी मेरिलच्या युनिव्हर्सिटीचा एक कोरा फॉर्म, गुरुवारी फोडलेलं पाकीट आणि छापखान्याचे शिशाचे अक्षरखिळे ठेवलेला बिस्किटांचा डबा मांडून चार माणसं बसली होती. नर्सिंग होममधली लीनाची शिफ्ट तीनला सुरू व्हायची.

"आधी जेवून घ्या, मग भांडा," ती म्हणाली. "भरल्या पोटी भांडण जास्त वेळ टिकतं."

"भांडतंय कोण?" मार्सेलिन म्हणाली. "मी फक्त विचारतेय. माझी मुलगी अकाउंटिंग शिकायला म्हणून इथे आली. गेल्या ऑगस्टपासून ती अकाउंटिंग शिकत नाहीये. हे या घरात कुणाकुणाला ठाऊक होतं?"

लीनाने नवऱ्याकडे पाहिलं. बेन्सन मिठाच्या बाटलीचं झाकण फिरवत बसला होता. त्याची ही मोठी बहीण दोन आठवड्यांपूर्वी ऐंशी वर्षांच्या वडलांना घेऊन वसईहून ऑस्ट्रेलियातल्या वेरिबीला आली, तेव्हाच लीनाने त्याला बजावलं होतं की पहिल्या दिवशीच सांगून मोकळा हो. त्याने आधी जेट लॅगचं कारण काढलं, मग ईस्टरचं. ईस्टर झाला आणि गुरुवारी पोस्टमनने ते पाकीट टाकलं. वर ठळक अक्षरांत 'मास्टर ऑफ कम्युनिकेशन डिझाईन' असं छापलेलं होतं आणि नेमकं ते मार्सेलिनच्याच हाती लागलं. तीस वर्षं शाळामास्तरीण असलेल्या बाईने ते न फोडता ठेवलं असतं तरच नवल.

"मला ठाऊक होतं," लीना म्हणाली. "आणि मी म्हटलं होतं की सांगा. आता माझं नाव यातून काढा आणि ताटं घ्या."

कुणीही ताट घेतलं नाही.

बेन्सनला खरं तर आपली बाजू मांडायची होती, पण ती कोणती ते त्याला अजून कळलं नव्हतं. दोन हजार आठ साल चालू होतं, आणि वसईत ज्याच्या घरात कॉलेज संपवलेलं पोर होतं त्या प्रत्येकाकडे बेन्सनचा फोन नंबर होता. सगळ्यांचा प्रश्न एकच असायचा, अकाउंटिंग की कुकरी, पीआर, म्हणजे तिथे कायमचं राहायची परवानगी, कशाने लवकर मिळते. त्याच्या घराच्या पुढच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या लुधियानाच्या दोन मुली हेअरड्रेसिंग करत होत्या आणि दोघींनाही कुणाच्या केसांना हात लावायची आवड नव्हती. अशा वेळी आपली भाची स्वतःला आवडतं म्हणून काही शिकते, याचं त्याला कौतुक वाटलं होतं. कौतुकाच्या भरात तो गप्प राहायला कबूल झाला, आणि आता फार पस्तावला होता.

"बाय, उद्या एकतीस मार्च," तो बहिणीला म्हणाला. "सेन्सस डेट. उद्या संध्याकाळपर्यंत कोर्स बदलता येतो. मेरिल म्हणालीय ना, तुमचं सगळ्यांचं एकमत झालं तर ती परत अकाउंटिंगला जाईल. मग ठरवून टाकू आणि जेवू."

"एकमत कशाला लागतं? मी तिची आई आहे."

"मम्मी, मी तेवीस वर्षांची आहे," मेरिल म्हणाली.

"म्हणूनच विचारतेय. तेवीस वर्षांच्या मुलीने निवडलंय तरी काय, ते मला समजेल असं सांग."

मेरिलने एक श्वास घेतला. "एका टाईपफेसचा इतिहास. एस्तेरेल नाव. एकोणीसशे चौपन्न साली फ्रान्समध्ये निघाला. रेसिगुए नावाच्या माणसाने दुकानांवरच्या पाट्या रंगवणाऱ्यांची अक्षरं पाहून काढला. ब्रशने लिहिल्यासारखा दिसतो, पण सगळा शिशात ओतलेला. मेन्यूकार्डं, लग्नपत्रिका, पोस्टर्स, दहा वर्षं जिकडेतिकडे तोच होता. मग फिल्मवर अक्षरं जुळवायची पद्धत आली आणि ते खिळे ओतणारी फाउंड्री बंद पडली."

"म्हणजे वसईहून निघायचं, ऑस्ट्रेलियात यायचं, आणि शिकायचं काय, तर फ्रान्समधलं बंद पडलेलं अक्षर. मग पॅरिसला तरी जायचं होतंस."

"लियाँ. फाउंड्री लियाँची होती."

"पाहिलंस?" मार्सेलिन भावाला म्हणाली. "उत्तरं तोंडपाठ आहेत."

इतका वेळ त्या दोघांचा बाप, अँथनी, खुर्चीत मागे रेलून ऐकत होता. त्याने आता डबा स्वतःकडे ओढला. नातीला दाखवायला आणलेल्या याच डब्यापायी विमानतळावर कस्टमवाल्यांनी त्याला पाऊण तास उभं केलं होतं, आणि त्याने त्यांनाही सगळी गोष्ट सांगितली होती.

"मार्सेलिन, तुला कळत नाही म्हणून बोलतेस," तो म्हणाला. "ही पोर आपल्या घराण्याचा इतिहास लिहितेय. एकोणीसशे त्रेसष्ट साली अख्ख्या हिंदुस्थानात हे अक्षर फक्त माझ्या छापखान्यात होतं. आणि कसं आलं होतं?"

"पपा, आम्हाला माहितीय कसं आलं होतं," बेन्सन म्हणाला.

पण अँथनीला थांबवणं बेन्सनला पन्नास वर्षांत जमलं नव्हतं. खिळ्याच्या पायापासून अक्षराच्या माथ्यापर्यंतची उंची फ्रान्समध्ये वेगळी आणि इंग्रजांकडे वेगळी, ही गोष्ट त्याने पुन्हा सांगितली. वसईची मशिनं इंग्रजी मापाची. फ्रेंच खिळा त्यांच्यासाठी पाव मिलिमीटर उंच. म्हणून अँथनीने लियाँला पत्र टाकलं, आणि वसईच्या एका छापखानेवाल्याच्या शब्दाखातर फ्रेंचांनी साडेआठशे खिळे इंग्रजी उंचीत मुद्दाम ओतून पाठवले. ही गोष्ट बिशपांनी ऐकली होती, शाईच्या एजंटांनी ऐकली होती, आणि बेन्सनच्या लग्नात टोस्ट करताना नवरा-नवरीपेक्षा जास्त वेळ फ्रेंच फाउंड्रीला मिळाला होता.

"माझं मत मेरिलला," अँथनी म्हणाला. "झालं तुमचं एकमत?"

मेरिलने डोळे मिटून घेतले. आजोबा आपल्या बाजूने बोलले की तिला बरं वाटायचं, पण आज त्यांनी बोलायला नको होतं. तिने आपल्या प्रोजेक्टच्या प्रस्तावात हीच गोष्ट लिहिली होती. शिकवणारी बाई ती वाचून खूश झाली आणि म्हणाली, लव्हली, पण पुरावा आण. म्हणून मेरिलने लियाँच्या एका संग्रहालयाला ईमेल केली. शनिवारी त्याचं उत्तर आलं होतं.

"आजोबा, एक विचारू? रागावू नका."

"तुझ्यावर कशाला रागावेन?"

"त्या फाउंड्रीच्या सगळ्या वह्या तिथे जपून ठेवल्यात. ते लोक म्हणतात, एस्तेरेल इंग्रजी उंचीत कधीच ओतला नाही. कुणासाठीच नाही."

"वह्या काय, कुणीही लिहितं."

"म्हणून मी काल रात्री मामाच्या गॅरेजमधला व्हर्नियर घेऊन हे मोजले." तिने डब्यातले चार खिळे टेबलावर उभे केले आणि वही उघडली. "इंग्रजी उंची तेवीस पॉइंट बत्तीस मिलिमीटर. हा तेवीस पॉइंट तीस आहे. हा पस्तीस. हा सत्तावीस. हा एकतीस. डब्यातल्या सव्वीस खिळ्यांत क्वचितच दोन सारखे निघाले. साच्यातून निघालेला माल असा नसतो, आजोबा. आणि हे बघा." तिने एक खिळा उलटा केला. "पायावर ओरखडे आहेत. कुणीतरी हाताने घासलेत."

अँथनीने खिळा घेतला नाही. बेन्सनने मिठाची बाटली खाली ठेवली. लीनाने गॅस बंद केला, कारण आता इंदेल तिसऱ्यांदा गरम करण्यात अर्थ नव्हता.

"म्हणजे मी खोटं बोलतो," अँथनी म्हणाला.

"तसं म्हणाले नाही मी. पण प्रस्तावात लिहिलंय ते मला बदलावं लागेल. मला फक्त खरं काय झालं ते हवंय."

"पंचेचाळीस वर्षं लोकांनी ऐकलं, एकानेही मोजपट्टी काढली नाही. काढली ती नातीने. आणि यासाठी मी त्या विमानतळावर उभा राहिलो." त्याने डब्याचं झाकण दाबून बसवलं. "मार्सेलिन बरोबर बोलते. हे शिक्षण नाही, ही पोलीसचौकशी आहे. उद्या जा आणि फॉर्म भर. अकाउंट्स कर. तिथे माणसांना उलटंपालटं करून बघत नाहीत. माझं मत फिरवलं."

तो उठला, जाळीचं दार ढकलून मागच्या अंगणात गेला आणि कपडे वाळत घालायच्या गोल दांडीजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत पाठ करून बसला.

"छान," बेन्सन म्हणाला. "आता एकमत झालं. आणि जेवणाची वाट लागली."

मार्सेलिन जिंकली होती. गुरुवारपासून तिला हेच हवं होतं, आणि फॉर्म समोर होता, पेनसुद्धा समोर होतं. तिने हात पुढे केला तो मात्र मेरिलने उलट्या केलेल्या खिळ्याकडे. चष्मा कपाळावर सरकवून तिने तो डोळ्यांजवळ नेला.

"हा आईचा," ती म्हणाली.

"काय?"

"आई गोल घासायची. बघ, ओरखडे गोल आहेत. अजून दे." तिने डबा उघडला आणि शाळेत वह्या तपासाव्यात तशी एकेक खिळा पाहून बाजूला ठेवू लागली. "आईचा. आईचा. हाही आईचा. हा माझा, सरळ ओरखडे. हा पण माझा. किती घाण घासलाय, एका बाजूला कललाय."

मेरिल आईकडे बघतच राहिली. हे ओरखडे दोन प्रकारचे आहेत हे तिला काल दिसलं होतं, पण त्याचा अर्थ लागला नव्हता.

"मम्मी, तू नऊ वर्षांची होतीस."

"नऊ वर्षांच्या मुलीची बोटं बारीक असतात. सुताराकडून लाकडाचा एक ठोकळा करून घेतला होता, मधोमध चौकोनी भोक. काचेवर खळ लावून पॉलिशपेपर चिकटवायचा. खिळा त्या भोकात उभा धरायचा आणि घासायचा. मग तो काचेवर दोन इंग्रजी खिळ्यांच्या मधे उभा करायचा, वरून पट्टी ठेवायची. पट्टी डुगडुगली की अजून घासायचं. अख्खा उपासकाळ हेच चाललं होतं. साडेआठशे खिळे. काळी बोटं घेऊन मी शाळेत जायची आणि सिस्टर मारायच्या."

"पण का? पपांनी इंग्रजी उंचीचे मागवले नव्हते?" बेन्सनने विचारलं. तो तेव्हा पाच वर्षांचा होता आणि त्याच्या वाट्याला नुसती गोष्ट आली होती.

"पपांना उंची वेगळी असते हेच माहीत नव्हतं. फोर्टमधल्या एका दुकानात नमुन्यांचं पुस्तक पाहिलं, आवडलं, मागवलं. कुणाला विचारायचं म्हणजे कमीपणा. पहिली लग्नपत्रिका मशीनवर चढवली तर या खिळ्यांतली नवरा-नवरीची नावं कागद फाडून पलीकडे गेली आणि इंग्रजी खिळ्यांतली तारीख उठलीच नाही. पपा दोन दिवस जेवले नाहीत. आईने एक खिळा घेतला, उंबऱ्याच्या दगडावर घासून बघितला आणि म्हणाली, जमेल."

"आणि तू हे आजवर बोलली नाहीस," लीना म्हणाली. तिच्या आवाजात आता खरा राग होता. "माझ्या लग्नात त्या फ्रेंच लोकांसाठी आम्ही टाळ्या वाजवल्या, बाय."

"आईच बोलली नाही. पपा गोष्ट सुरू करायचे आणि आई उठून स्वयंपाकघरात जायची. मी पण तिच्या मागे जायची. आई गेली, छापखाना बंद झाला, मग बोलून काय उपयोग होता." मार्सेलिन थांबली. "दहावीनंतर मला छापखान्यातच बसायचं होतं. मला सगळं येत होतं. पपा म्हणाले, मुलीची बोटं काळी बरी दिसत नाहीत, डीएड कर. म्हणून डीएड केलं. आणि गुरुवारपासून मी इथे बसून हिला तेच सांगतेय."

तिला रडू येईल असं लीनाला वाटलं, पण मार्सेलिन वैतागली होती. वडलांवर, भावावर, आणि सगळ्यांत जास्त स्वतःवर. तिने कोरा फॉर्म उचलून मेरिलपुढे टाकला.

"हा ठेव तुझ्याकडे. माझ्याकडून ना नाही. अजून काय काय विचारायचंय ते लिहून काढ, मी रात्री सांगते. आणि प्रोजेक्टमध्ये आजीचं नाव नीट घाल. सिसिलिया. नुसतं अँथनीची बायको नको."

"मम्मी, पण आजोबा नको म्हणाले."

"त्यांना विचारतंय कोण?"

"मी विचारणार," मेरिल म्हणाली आणि उठली.

अँथनीने जाळीच्या दाराचा आवाज ऐकला तरी मान वळवली नाही. शेजारचा गवत कापत होता, त्यामुळे आतलं काही ऐकू आलं नव्हतं. ऐकायची गरजही नव्हती. मार्सेलिनने खिळा उचलला एवढं त्याने बसण्याआधी वळून काचेतून पाहिलं होतं, पुढचं त्याला ठाऊक होतं. इतकी वर्षं ती गप्प बसली याचंच त्याला कधीकधी आश्चर्य वाटायचं, आणि कधीकधी भीती.

खरं तर गोष्ट त्याने पहिल्यांदा सांगितली ती एका गिऱ्हाइकाला. फाटलेल्या पत्रिकेचं गिऱ्हाईक, मुलीचा बाप. खिळे घासून झाले, पत्रिका सुरेख निघाल्या, आणि उशीर का झाला असं त्याने विचारलं तेव्हा अँथनीच्या तोंडून निघून गेलं की फ्रान्सहून मुद्दाम ओतून यायला वेळ लागतोच. सिसिलिया तिथंच कागद मोजत होती. तिने वर पाहिलं आणि परत मोजू लागली. त्या दिवशी ती काही बोलली असती तर गोष्ट तिथेच मेली असती. बोलली नाही म्हणून त्याने दुसऱ्यांदा सांगितली.

मेरिल त्याच्या समोर गवतावर मांडी घालून बसली.

"मम्मीने सांगितलं," ती म्हणाली.

"सांगणारच."

"आजोबा, हे लिहिलं तर माझा प्रोजेक्ट चांगला होईल. खूपच चांगला. फ्रान्समध्ये काय झालं ते सगळ्यांना माहितीय. हे कुणालाच माहीत नाही. पण तुमची गोष्ट मोडेल. वसईत पण कळेल, अशा गोष्टी कळतातच. तुम्ही नको म्हणालात तर मी लिहिणार नाही. आणि हे न लिहिता दुसरं खोटं लिहिणं मला जमणार नाही. मग उद्या फॉर्म भरेन, अकाउंटिंगला जाईन. त्याचा राग नाही धरणार."

अँथनीला तिचा भयंकर राग आला. भांडली असती तर त्याने भांडून जिंकलं असतं. ही पोर सगळा निकाल त्याच्या मांडीवर ठेवून गवत उपटत बसली होती. एक 'नको' म्हटलं की झालं. गोष्ट तशीच राहणार, त्याच्या मयताच्या मिस्सालाही कुणीतरी ती सांगणार. आणि ही दुसऱ्यांचे हिशेब तपासत म्हातारी होणार. त्याला मार्सेलिनची दहावीनंतरची काळी बोटं आठवली. ती छापखान्याच्या दारात उभी होती, आणि त्याने तिला साबण आणायला पाठवलं होतं.

आतून लीनाने ओरडून सांगितलं, की ती आता शेवटचं वाढतेय, नंतर ज्याने त्याने मायक्रोवेव्ह वापरावा.

"तुझी आजी त्या दगडावर घासत होती तेव्हा मी काय करत होतो, सांगितलं का मार्सेलिनने?" अँथनीने विचारलं.

"नाही."

"मशीनला लाथा घालत होतो. ते पण लिही. पान भरून लिही." त्याने खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायचा प्रयत्न केला, जमला नाही, आणि चिडून तिच्यापुढे हात धरला. "डोकं तिचं, हात तिचे आणि तुझ्या आईचे. पण न विचारता फ्रेंच खिळे मागवायचा गाढवपणा माझा एकट्याचा होता. तो दुसऱ्या कुणाच्या नावावर घालू नकोस."